दाखल रजिस्टर मोबाईलवर आणतेय: अनुभव, अडचणी आणि थोडी मदत हवी

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावात मी ग्रंथपाल आहे. 'क' वर्गाचं वाचनालय, दोन खोल्या आणि पुढे पडवी. देवघेव, वर्गणीच्या पावत्या, दिवाळी अंकांना पुठ्ठे लावणं, सगळं मीच बघते. मदतीला तात्या आहेत. शिपाई म्हणून लागून त्यांना तीस वर्षं झाली. दाखल रजिस्टरप्रमाणे, म्हणजे प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन नोंदवतो त्या वहीप्रमाणे, पुस्तकं सहा हजार आठशेच्या आसपास.

गेल्या आषाढात पहिलं रजिस्टर काढलं तर मधली पानं एकमेकांना चिकटलेली. हलक्या हाताने सोडवली. कडा कसरीने खाल्लेल्या होत्या, पण ते एक वेळ चाललं असतं. निळी शाई ओलाव्याने पसरून दाखल क्रमांक ४१२ ते ४३० पर्यंतच्या ओळी म्हणजे नुसता निळा डाग झाला होता. पान खिडकीशी धरून मागून उजेड घेतला, तरी दोन-तीन नावांपलीकडे काही लागेना. तात्या बाजूला उभे होते. म्हणाले, "चारशे अठरा मगे माका म्हायत आसा. हिरव्या पुठ्ठ्याचां नाटक तां. मधल्या कपाटात बघ." जाऊन बघितलं. पुस्तक होतं, पण आतलं शिक्क्याचं पान फाटून गेलेलं, त्यामुळे क्रमांक खरा की खोटा हे सांगायला तात्यांशिवाय दुसरा पुरावा नाही.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात २००५ला पाणी शिरलं आणि २२ जुलै २०२१ला पुन्हा शिरलं. तिथले चिखलात माखलेल्या पुस्तकांचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. आमचं वाचनालयही खाडीपासून फार लांब नाही. पुस्तकं भिजली तर भिजली, पण रजिस्टरही त्याच कपाटात. दोन्ही गेली तर काय गेलं हेसुद्धा कळणार नाही. म्हणून ठरवलं की यादी या इमारतीच्या बाहेर कुठेतरी जिवंत असली पाहिजे.

हा आमचा पहिला प्रयत्न नाही. २००९ साली तेव्हाच्या समितीने एका विक्रेत्याकडून वाचनालयाचं सॉफ्टवेअर घेतलं होतं. माझ्या आधीच्या ग्रंथपाल बाईंनी दोन वर्षं खपून तीन हजारांवर पुस्तकं त्यात भरली. मग संगणक बंद पडला, विक्रेत्याचा फोन लागेनासा झाला. एक सीडी राहिली आहे. तिच्यातली फाईल उघडली की देवनागरीच्या जागी रोमन अक्षरं, कंस आणि टिंबं यांचा कचरा दिसतो. त्या बाईंची दोन वर्षं त्या चकतीत अडकून पडलीत, हे मला फार लागतं.

या वेळी वेगळ्या रीतीने सुरुवात केली. अमेरिकेतल्या शार्लट शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात २००६ साली हेलीन ब्लॉवर्स यांनी '२३ गोष्टी' नावाचा उपक्रम केला होता. ग्रंथालयातल्या सगळ्या कर्मचाऱ्यांनी ब्लॉग, फोटो ठेवायची संकेतस्थळं, विकी, पॉडकास्ट अशा तेवीस गोष्टी स्वतः हाताळून बघायच्या. वर्ग नाही, परीक्षा नाही. पूर्ण करणाऱ्यांना एमपी-३ प्लेअर दिले. पुढे जगभरच्या ग्रंथालयांनी तो उचलला. त्यातली कितीतरी साधनं आज हयात नाहीत. बातम्या एकत्र वाचायचं गूगल रीडर १ जुलै २०१३ला बंदच झालं. पण शिकायची पद्धत मला पटली. समितीकडे दुपारचा एक तास मागितला. अध्यक्ष म्हणाले, "पावसात दुपारी कोण येतो तसाही, घ्या." दर आठवड्याला एक नवीन गोष्ट, असं ठरवलं.

काय काय केलं ते थोडक्यात. पुस्तकामागचा बारकोड मोबाईलने वाचणारं ॲप घेतलं. नव्या पुस्तकांवर ते झटकन चालतं, पण मराठी पुस्तकाचं नाव रोमन लिपीत येतं, अक्षरांच्या डोक्यावर रेघा आणि पायाशी टिंबं. परदेशी ग्रंथालयांनी त्यांच्या सोयीने केलेल्या नोंदी आहेत त्या. आमच्या सभासदांपैकी एकालाही त्या वाचता येणार नाहीत. शिवाय आमची निम्मी पुस्तकं आयएसबीएन, म्हणजे बारकोडमधला पुस्तकाचा क्रमांक, यायच्या आधीची. मग एका परदेशी संकेतस्थळावर यादी करायला घेतली. दोनशे पुस्तकं भरून झाल्यावर पुढे पैसे भरा असा संदेश आला. गूगल लेन्सने रजिस्टरच्या पानाचा फोटो वाचून बघितला. छापील मजकूर छान वाचतो, पण १९६०च्या दशकातल्या गुरुजींचं वळणदार हस्ताक्षर त्याला झेपत नाही.

शेवटी जमलं ते सगळ्यात साधं. गूगल शीट आणि मोबाईलच्या कीबोर्डवरचा माइक. तात्या कपाटातून पुस्तक काढतात, आतलं पान उघडून मोठ्याने वाचतात: दाखल क्रमांक, नाव, लेखक, प्रकाशन, किंमत. फोन लिहीत जातो, मी दुरुस्त करते. तात्या मालवणीत बोलले की फोन गोंधळतो, म्हणून वाचताना ते पुस्तकी मराठीत, शाळेतल्यासारखं ताठ उभं राहून वाचतात. एका तासात साठ पुस्तकं होतात. यात रजिस्टर बघत नाही, पुस्तकच बघतो. त्यामुळे कुठलं गहाळ आहे, कुठल्याला वाळवी लागली आहे, तेही कळतं. आजपर्यंत १,३२० झाली.

आता अडचणी. एक, शीटमध्ये 'किनाऱ्यावर' शोधलं तर काही पुस्तकं सापडतात, काही समोर दिसत असूनही सापडत नाहीत. हे काय गौडबंगाल आहे? दोन, लेखकाचं नाव कसं लिहायचं? आडनाव आधी की नंतर, टोपणनावाचं काय करायचं? तीन, यादी सभासदांपर्यंत पोहोचवायची कशी? आणि चार, फार जुनी काही पुस्तकं आमच्याकडे आहेत, ती स्कॅन करून लोकांना वाचायला देता येतील का?

---

पोफळी

वाचून भरून आलं. माझं अर्धं बालपण असल्याच एका पडवीत गेलं. तात्यांना नमस्कार सांगा. तांत्रिक काही कळत नाही, पण मे महिन्यात गावी येते तेव्हा पंधरा दिवस दुपारी मोकळी असते. वाचून दाखवायला माणूस हवं असेल तर हाक मारा.

---

जुनी_वही

ताई, मी रायगड जिल्ह्यातल्या एका तालुका 'अ' वाचनालयातून निवृत्त झालो. सगळी हयात तालिकेच्या (पुस्तकांच्या यादीच्या) पत्त्यांत, म्हणजे कार्डांत गेली, म्हणून दुसऱ्या प्रश्नावर जरा सविस्तर लिहितो.

नाव कसं लिहिता याला फार महत्त्व नाही. सगळीकडे एकसारखं लिहिता का, याला आहे. आमच्याकडे आडनाव आधी, मग स्वल्पविराम, मग आद्याक्षरं, प्रत्येक आद्याक्षरानंतर टिंब आणि एक मोकळी जागा. ही मोकळी जागा तुम्हाला क्षुल्लक वाटेल, पण संगणकाला 'पु.ल.' आणि 'पु. ल.' ही दोन वेगळी माणसं आहेत. आज ठरवा, पुठ्ठ्यावर लिहा आणि तात्यांच्या समोर भिंतीला लावा.

टोपणनावाचं उदाहरण तुमच्याच जिल्ह्यातलं देतो. वेंगुर्ल्याकडचे चिं. त्र्यं. खानोलकर कविता 'आरती प्रभू' या नावाने लिहीत, कादंबऱ्या आणि नाटकं खऱ्या नावाने. वाचक कवितासंग्रह मागायला आला की आरती प्रभूच म्हणणार. त्यात 'प्रभु' की 'प्रभू' हाही घोळ. पत्त्यांच्या काळात आम्ही एक 'पाहा' पत्ता घालायचो: 'आरती प्रभू – पाहा – खानोलकर, चिं. त्र्यं.' आणि उलटही. शीटमध्ये तेच करा. 'लेखक' हा स्तंभ पुस्तकावर छापलंय तसा ठेवा आणि शेजारी 'मुख्य नाव' असा दुसरा स्तंभ घ्या. शोध दोन्हींत लागेल.

दाखल क्रमांक कधीही बदलू नका, पुस्तक गहाळ असलं तरी तो दुसऱ्याला देऊ नका. गहाळ, बाद, जीर्ण यासाठी 'स्थिती' असा स्तंभ घ्या. आणि तपासणीला अधिकारी आले की ते कागदी रजिस्टरच मागतात. शीट झाली म्हणून ते बंद करू नका.

वर्गीकरण करायची इच्छा असेल तर ड्यूईत (पुस्तकांना विषयवार आकडे देण्याची पद्धत) मराठी साहित्य ८९१.४६ ला येतं. कविता .४६१, नाटक .४६२, कथा-कादंबरी .४६३. एवढं पाठ असलं तरी गावच्या वाचनालयाचं तीन चतुर्थांश काम झालं.

---

खाडीकाठ

जुनी_वही काका, मनापासून आभार. 'मुख्य नाव' हा स्तंभ आजच घातला. आद्याक्षरांतली मोकळी जागा मी खरंच कधी पाहत नव्हते. १,३२० नोंदी परत तपासायला घेते.

---

कोडकरी

मूळ गुहागरचा, सध्या पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. तुमचं 'किनाऱ्यावर' कोडं मला ओळखीचं आहे.

'ऱ्य' मधला तो आडवा अर्धा र टंकायचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग झीरो विड्थ जॉइनर नावाचं डोळ्यांना न दिसणारं चिन्ह, मग य. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण संगणक आतले संकेतांक बघतो. तुम्ही मोबाईलवर लिहिलेलं एका मार्गाचं असेल आणि कुणी संगणकावर वेगळ्या कीबोर्डने लिहिलेलं दुसऱ्या. आणि र्य करून टाकू नका बरं का, 'आचार्याला' आणि 'आचाऱ्याला' यांत किती फरक आहे ते तुम्हाला सांगायला नको.

'ॲ' चंही तसंच. एक अखंड अक्षर आहे, आणि एक 'अ' वर चंद्र ठेवून केलेलं. 'ॲड.' लिहिलेले वकील लेखक शोधताना तुम्हाला ते भेटेलच.

उपाय असा. न सापडणाऱ्या पुस्तकाच्या खान्यातून तो 'ऱ्य' नक्कल करा, 'शोधा आणि बदला' मध्ये वरच्या चौकटीत चिकटवा, खालच्या चौकटीत मोबाईलने नवा 'ऱ्य' टंका आणि सगळीकडे बदला. 'ऱ्ह' साठीही तेच. महिन्यातून एकदा केलंत तरी पुरे.

आता मला जास्त उत्सुकता त्या सीडीची आहे. फाईलच्या नावाच्या शेवटी काय आहे? डीबीएफ (जुन्या डेटाबेसची फाईल) असेल तर सांगा.

---

दर्यावर्दी

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. माझ्या गावचं वाचनालय माझ्या डोळ्यांदेखत ओस पडलं. पोरं मुंबई-पुण्याला, राहिलेली मोबाईलवर, म्हातारे पेपर वाचून घरी. तुमची मेहनत मोठी आहे, पण वाचणाराच नसेल तर यादी कुणासाठी? तो एक तास शाळेत जाऊन मुलांना गोष्टी वाचून दाखवल्यात तर जास्त उपयोग होणार नाही का? मी हे तळमळीनेच विचारतोय.

---

खाडीकाठ

दर्यावर्दी, राग कसला. हा प्रश्न मलाही पडतो. शाळेत मी दर शनिवारी जाते, ते चालूच आहे.

पण गेल्या महिन्यातली गोष्ट सांगते. आमच्या गावची एक मुलगी नर्सिंगला आहे, सुट्टीत आली होती. तिच्या आजीला डोळ्यांनी दिसत नाही आता. आजीने लहानपणी ऐकलेलं एक ओव्यांचं पुस्तक तिला परत ऐकायचं होतं. नाव आठवत नाही, फक्त 'जात्यावरच्या' एवढं आठवतं. ही मुलगी आधी दोनदा येऊन गेली होती. मी आणि तात्यांनी कपाटं धुंडाळली, पण ओव्यांचं पुस्तक काही काव्याच्या कपाटात नव्हतं. शीटमध्ये 'जात्या' टाकलं आणि ते 'संकीर्ण' मध्ये, शेतीच्या पुस्तकांशेजारी निघालं. देवघेवीची चिठ्ठी बघितली तर शेवटचं बाहेर गेलं होतं १९८७ला. सदतीस वर्षांहून जास्त काळ ते तिथे उभं होतं आणि आम्हीच 'नाही' म्हणून सांगत होतो. वाचणारे नाहीत असं आपण म्हणतो, पण किती जणांना आपण न शोधता परत पाठवलं असेल?

कोकणात वाचनालयांची परंपरा किती जुनी आहे बघा. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८चं, सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर १८५२चं, चिपळूणचं १८६४चं. रेल्वे तर सोडाच, धड रस्तेही नव्हते तेव्हा लोकांनी गलबतांतून पुस्तकं आणवली. आपल्या हातून 'नाही' हा शब्द तरी कमी जावा, एवढंच मला वाटतं.

कोडकरी, हो, सीडीवर चार फायली आहेत, सगळ्यांच्या शेवटी डीबीएफ. आणि 'ऱ्य' बदलला. एकदम ३१ पुस्तकं सापडायला लागली.

---

दर्यावर्दी

ओव्यांचं वाचून गप्प झालो. आजीने ऐकलं का ते?

---

खाडीकाठ

ऐकलं. नात वाचायची आणि आजी पुढची ओळ आधीच म्हणायची. मुलगी परत करायला आली तेव्हा सांगत होती.

---

मुक्तस्रोत

ताई, कळकळीची विनंती: शीटवर थांबू नका. ग्रंथालयांसाठीच बनवलेलं 'कोहा' आहे. न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालयासाठी १९९९मध्ये तयार करायला घेतलं आणि २०००च्या जानेवारीपासून वापरात आहे. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. पैसे लागत नाहीत, देवघेव, सभासद, मुदत उलटल्याची आठवण, वाचकांसाठी ऑनलाईन तालिका, सगळं त्यात येतं. शीटमध्ये कुणाचा हात चुकून लागला आणि एकच स्तंभ वरखाली झाला तर सगळ्या पुस्तकांचे लेखक बदलतील. हा धोका लहान नाही.

---

खाडीकाठ

कोहाचं प्रात्यक्षिक मी एका शिबिरात पाहिलंय, आवडलंही. पण ते चालवायला लिनक्सचा सर्व्हर हवा आणि तो बिघडला तर दुरुस्त करणारं माणूस हवं. आमच्याकडे जून ते सप्टेंबर वीज कधी जाईल सांगता येत नाही आणि नेटसाठी पडवीच्या एका ठराविक कोपऱ्यात उभं राहावं लागतं. एकदा सॉफ्टवेअरवाल्यावर विसंबून पोळलोय. माझ्यानंतर येणाऱ्या बाईला जे स्वतःला सांभाळता येईल तेच मला करायचं आहे.

स्तंभ वरखाली होण्याची भीती मात्र खरी आहे. त्याला काय करावं?

---

कोडकरी

शीटमध्ये वरची ओळ गोठवा, दाखल क्रमांकाच्या स्तंभाला कुलूप लावा म्हणजे तुमच्याशिवाय कुणाला बदलता येणार नाही. क्रमवारी लावायची तर आधी संपूर्ण शीट निवडा, एकच स्तंभ निवडून कधीही लावू नका. आणि दर शनिवारी सीएसव्ही (शीटची साध्या मजकुरातली प्रत) उतरवून पेनड्राईव्हवर. ती सीएसव्ही एक्सेलमध्ये थेट दोनदा टिचकी मारून उघडलीत तर मराठीच्या जागी भलतीच अक्षरं दिसतील, घाबरू नका. 'डेटा' मधून आयात करताना यूटीएफ-८ निवडा, किंवा लिब्रे ऑफिसमध्ये उघडा.

मुक्तस्रोत यांचंही बरोबर आहे. एका खान्यात एकच गोष्ट हा नियम पाळलात, म्हणजे लेखक आणि अनुवादक वेगळे, प्रकाशन आणि गाव वेगळं, वर्ष वेगळं, तर उद्या हीच शीट मार्कमध्ये (ग्रंथालयांच्या नोंदींचा ठरलेला साचा) रूपांतर करून कोहात ओतता येते. मार्कएडिट नावाचं साधन ते करतं. तेव्हा आत्ताचं काम वाया जाणार नाही.

डीबीएफ ऐकून आनंद झाला! त्या फायली लिब्रे ऑफिसमध्ये उघडतात. तुम्हाला दिसतोय तो कचरा नाही, ते मराठीच आहे. जुने फाँट देवनागरीचं चित्र रोमन अक्षराच्या जागेवर बसवायचे. फाँट नसला की मागचं रोमन उघडं पडतं. कुठलं रोमन अक्षर कुठल्या देवनागरीसाठी, हे कळलं की परत आणता येतं. मला फक्त पुस्तकांची फाईल पाठवा. सभासदांची पाठवू नका, तिच्यात पत्ते-फोन असतील. आणि सोबत, त्या फाईलमधली कुठलीही वीस पुस्तकं जी तुमच्याकडे आज कपाटात आहेत, त्यांची नावं नीट टंकून.

---

माडाखाली

श्रीवर्धनहून लिहितेय. यादी कागदावरही छापून ठेवा हो. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आमच्या अंगावरून गेलं. छपरं, माड, विजेचे खांब, काही राहिलं नाही. कितीतरी दिवस वीज नव्हती, फोन चार्ज करायला जनरेटरवाल्याकडे रांग. ढगात, म्हणजे इंटरनेटवर, ठेवलेलं सगळं सुखरूप होतं, पण बघायचं कशावर? आमच्या वाचनालयाने त्यानंतर यादीच्या दोन छापील प्रती केल्या. एक वाचनालयात, एक डोंगरावरच्या शाळेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून.

---

वकिली_पडवी

चौथ्या प्रश्नाबद्दल. आपल्याकडे १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. ती ६० वर्षं मोजायची मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून. साने गुरुजी ११ जून १९५०ला गेले, तर त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ला मुक्त झालं. अनुवाद असेल तर अनुवादकाचा हक्क वेगळा मोजा. प्रस्तावना दुसऱ्याची असेल तर तिचाही. पुस्तक जुनं आहे, बाजारात मिळत नाही, एवढ्यावर ते मुक्त होत नाही. लेखकाच्या मृत्यूचं साल बघायचं.

मुक्त असतील ती स्कॅन करायच्या आधी इंटरनेट अर्काइव्ह आणि मराठी विकिस्रोत बघा. कुणीतरी आधीच केलेलं असू शकतं आणि तुमच्या जीर्ण प्रतीला उगाच त्रास होईल.

यादी सगळ्यांना दाखवाल तेव्हा कुठलं पुस्तक कुणाकडे आहे हे दिसू देऊ नका. 'बाहेर आहे' एवढंच. माणूस काय वाचतो ही त्याची खासगी गोष्ट आहे.

---

जुनी_वही

वकीलसाहेबांच्या शेवटच्या वाक्याला अनुमोदन. आम्ही पत्त्यावरसुद्धा सभासदाचा क्रमांकच लिहायचो, नाव नाही.

---

चाकरमानी_ठाणे

तिसऱ्या प्रश्नावर, एका सभासदाच्या बाजूने. शीटची एक वेगळी प्रत करा, तिच्यात फक्त क्रमांक, नाव, लेखक, विषय आणि 'आहे / बाहेर'. ती 'फक्त पाहता येईल' अशी ठेवा आणि दुवा व्हॉट्सॲपच्या गावच्या गटावर टाका. तोच दुवा क्यूआर कोड करून एसटीच्या थांब्यावर चिकटवा. आम्ही गणपतीला पाच-सात दिवसांसाठी येतो, त्यात वाचनालयाच्या वेळा जुळत नाहीत. आधी कळलं की अमुक पुस्तक आहे, तर एक साधा गूगल फॉर्म भरून राखून ठेवता येईल. माझी आई गावी एकटी असते. तिला मी ठाण्यातून पुस्तक निवडून देईन आणि तात्या जाता-येता देतील, असं झालं तर फार बरं.

---

खाडीकाठ

सगळ्यांना उशिरा उत्तर देतेय, मध्ये गणपती झाले.

दुवा थांब्यावर लावला. चाकरमानी_ठाणे, तुमची कल्पना जशीच्या तशी उचलली. गणपतीच्या दिवसांत फॉर्मवरून ४३ पुस्तकं राखून ठेवली गेली. त्यातली निम्मी मुंबईहून मुलांनी आईवडिलांसाठी निवडलेली. तात्या सायकलच्या पिशवीत पुस्तकं घालून वाडीवाडीत देऊन आले. पावसात भिजू नयेत म्हणून दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन, वाळवून, त्यात एकेक पुस्तक. माडाखाली, छापील प्रत वरच्या वाडीच्या शाळेत ठेवली. मुख्याध्यापक बाईंनी कुलपाच्या कपाटात जागा दिली.

आणि कोडकरी यांनी जे केलं ते सांगायला मला शब्द शोधावे लागतायत. सीडीतल्या ३,११६ नोंदी त्यांनी मराठीत परत आणल्या. ऱ्हस्व इकार आणि रफार बरेच ठिकाणी सरकलेले होते, 'वर्ष' चं 'वषर्' झालेलं, ते मी रोज थोडे करत दुरुस्त करतेय. पोफळी ताई फोनवरून मदत करतात, मी यादी पाठवते, त्या चुका काढून परत पाठवतात. माझ्या आधीच्या ग्रंथपाल बाई आता मुलीकडे कोल्हापूरला असतात. त्यांना फोन करून सांगितलं. थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्यात शेवटच्या स्तंभात मी शेरे लिहिले होते गं, ते आहेत का?" आहेत. कुणाची देणगी, कुठल्या पुस्तकाला कुठल्या वर्षी बांधणी केली, सगळं आहे.

रजिस्टरच्या निळ्या डागातले ४१२ ते ४३० हे क्रमांक त्यात मिळाले. तेव्हा ती पानं वाचता येत होती. काल संध्याकाळी तात्यांना समोर बसवून एकेक वाचून दाखवलं. ४१८ला लिहिलंय: नाटक, किंमत साडेतीन रुपये, शेरा – 'हिरवा पुठ्ठा, पुनर्बांधणी'. तात्या म्हणाले, "मगे मी काय सांगलंय?" आणि उठून मधल्या कपाटातून ते घेऊन आले. मी नवीन शिक्का मारून आत क्रमांक घातला.

२,९४० झाली. सोमवारपासून नाटकांचं कपाट घेतोय.